जल्लोष हवा, हजेरी नको

अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या महानॉय भागातल्या हायस्कूलची एक मुलगी. २०१७ साली शाळेच्या मुख्य चीअरलीडिंग संघात तिची निवड झाली नाही; आणखी एक वर्ष ज्युनिअर संघातच काढ, असं तिला सांगितलं गेलं. शनिवारी मैत्रिणीबरोबर एका दुकानात असताना तिने मधलं बोट दाखवणारा फोटो स्नॅपचॅटवर टाकला आणि शाळा, सॉफ्टबॉल, चीअर आणि एकूणच सगळ्याला एकेक इरसाल शिवी हासडली. चोवीस तासांत आपोआप पुसला जाणारा मजकूर. पण कुणीतरी स्क्रीनशॉट काढलाच, तो प्रशिक्षकांपर्यंत पोचला आणि मुलगी वर्षभरासाठी ज्युनिअर संघातूनही बाहेर. संघाच्या नियमांत शाळेचा मान राखा असं लिहिलेलं होतं, हे कारण. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल मुलीच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकालपत्रात सरकारी शाळांना लोकशाहीच्या रोपवाटिका म्हटलं आहे. न आवडणारं मत जपायला शिकणं हाही शाळेच्याच हिताचा भाग, असा त्यांचा मुद्दा होता.

अमेरिकन हायस्कूलच्या होमकमिंगबद्दल, म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी शाळेत परत येण्याच्या दरवर्षीच्या सोहळ्याबद्दल, आपल्याकडच्या लोकांत वाद निघाला की मला हा खटला आठवतो. वाद बहुधा 'हे सगळं थेर आहे' आणि 'मुलांना एन्जॉय करू द्या की' या दोन टोकांमध्ये अडकून पडतो. मला दोन्ही पटत नाही. होमकमिंग ही जपावी अशी गोष्ट आहे, अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक. पण तिथल्या शाळा या आठवड्यात मुलांकडून प्रेमाची वसुली करायला लागतात, आणि तिथे ती बिघडते.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला एक आठवडा. सोमवारी पायजमा घालून शाळेत या, मंगळवारी मित्रासारखे कपडे घालून जुळे बना, बुधवारी ऐंशीच्या दशकातला वेश, गुरुवारी आपापल्या इयत्तेचा रंग, शुक्रवारी शाळेचे रंग. शुक्रवारी शेवटच्या तासाला जिममध्ये सगळ्यांना गोळा करून पेप रॅली, म्हणजे संघाला चेव आणायचा सामूहिक जल्लोष. मग गावातून फ्लोटची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची मिरवणूक. रात्री सातच्या सुमाराला फुटबॉलचा सामना (त्यांचा फुटबॉल, म्हणजे बहुतांशी हाताने खेळायचा) आणि मध्यंतरात होमकमिंग क्वीनला मुकुट. शनिवारी रात्री नाच. शाळेशाळेत तपशील बदलतो, साचा हाच.

ही प्रथा नक्की कुणी काढली यावर तीन विद्यापीठांत जुनं भांडण आहे. टेक्सासमधलं बेलर १९०९ सांगतं, इलिनॉय १९१० आणि मिझुरी १९११. मला मिझुरीची गोष्ट आवडते, कारण तिच्यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. कॅन्ससबरोबरचा त्यांचा वार्षिक सामना आधी कॅन्सस सिटीत व्हायचा. मग सामने विद्यापीठांच्याच मैदानांवर झाले पाहिजेत असा नियम आला. आता मिझुरी विद्यापीठाच्या कोलंबियासारख्या आडबाजूच्या गावात गर्दी जमणार कशी? चेस्टर ब्रूअर या क्रीडासंचालकाने माजी विद्यार्थ्यांना घरी परत येण्याचं आवतण धाडलं. हजारोंनी लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. म्हणजे मैदान भरण्यासाठी केलेली युक्ती पुढे परंपरा झाली, आणि त्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. बऱ्याच परंपरांची कुंडली मांडली तर असाच कुणीतरी हिशेबी माणूस सापडेल.

हायस्कूलांनी ही प्रथा उचलली तेव्हा मात्र तिचा पोत बदलला. विद्यापीठात परत येणारे लांबून येतात, सोमवारी निघून जातात. हायस्कूलमध्ये परत येणाऱ्यांतले अर्धे गाव सोडून गेलेलेच नसतात. बस चालवणारा, हार्डवेअरच्या दुकानातला, दात काढणारा डॉक्टर, सगळे याच शाळेचे. म्हणून छोट्या गावात शाळा बंद होणं म्हणजे गाव संपणं असं समजतात. १९४० च्या आसपास अमेरिकेत एक लाख सतरा हजारांच्या वर स्कूल डिस्ट्रिक्ट (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) होते, आज जेमतेम तेरा हजार. लहान शाळा मोठ्यांत विलीन होत गेल्या आणि प्रत्येक वेळी भांडण झालं ते अभ्यासक्रमावरून कमी, रंग कुठले, मॅस्कॉट (शाळेचं प्रतीक म्हणून मिरवायचा प्राणी किंवा पात्र) कोण, मैदान कुणाचं यावरून जास्त. अकरा पोरंही जमत नसतील तर? नेब्रास्कातल्या हेब्रनमध्ये स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकाने १९३४ साली सहा-सहा जणांचा फुटबॉल काढला. टेक्सासच्या विरळ वस्तीच्या भागात तो आजही खेळतात. शाळा एवढीशी आहे म्हणून शुक्रवारची रात्र सोडायची नाही, एवढाच त्या शोधामागचा हट्ट.

या आठवड्यात मला सर्वात मोलाचं वाटतं ते कुणाच्या तरी गराजमध्ये चालतं. फ्लोट बनवायचा म्हणजे ट्रेलरवर लाकडी सांगाडा ठोकायचा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ताणायची आणि जाळीच्या प्रत्येक भोकात टिश्यूपेपरचा चौकोनी तुकडा चिमटीत दुमडून खोचायचा. हजारो भोकं. गणितात हुशार म्हणून ओळखला जाणारा मुलगा इथे जाळी कापताना बोटं कापून घेतो आणि वर्गात ज्याचा आवाज कधी ऐकू येत नाही तो इलेक्ट्रिक ड्रिल हातात घेऊन सगळ्यांना कामाला लावतो. वाघाचं डोकं हमखास मांजरासारखं होतं. गुरुवारी रात्री दहा वाजता निळा कागद संपतो आणि कुणाच्या तरी आईला गाडी काढावी लागते. मोठ्यांनी एवढंच करायचं, पिझ्झा मागवायचा आणि गप्प बसायचं. वयाच्या सोळाव्या वर्षी, मार्कांशी काडीचा संबंध नसलेलं, चारचौघांसमोर फसू शकेल असं काम पोरांच्या हाती पूर्णपणे सोपवलेलं मी आपल्या शिक्षणात फार कमी पाहिलं आहे. आपल्या स्नेहसंमेलनातसुद्धा नाच बसवायला बाहेरून कोरिओग्राफर येऊ लागला त्याला बरीच वर्षं झाली.

मार्चिंग बँडचंही तसंच. ऑगस्टच्या उन्हात डांबरी पार्किंगमध्ये रेघा आखून सराव चालतो. खांद्यावर सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालणारं मोठं पितळी वाद्य, घेतलेल्या मुलाला एका बाजूचं धड दिसत नाही. पावलं मोजून चालायचं आणि शेजाऱ्यावर भरवसा ठेवायचा. तिथल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं बँडमध्ये असतात, कारण फुटबॉलमध्ये हाडं मोडतात ही भीती. मग आई-बाबाही बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे बँडसाठी पैसे उभारणाऱ्या पालकांच्या मंडळात, ओढले जातात आणि मध्यंतरात नाचोजवर पातळ चीज ओतत उभे राहतात. पाच वर्षं ज्या शेजाऱ्याशी हात हलवण्यापलीकडे बोलणं झालेलं नाही, त्याच्याशी इथे पहिल्यांदा ओळख होते. मंडळाच्या गणपतीत दीडशे मराठी माणसं भेटतात, तेही हवंच. पण गावाशी ओळख करून घ्यायला या नाचोजच्या टपरीला पर्याय नाही.

आता तक्रार. पेप रॅली शाळेच्या वेळात होते, म्हणजे तिथे बसणं आलंच. इयत्ताइयत्तांत चढाओढ लावलेली असते, जी इयत्ता जास्त मोठ्याने ओरडेल तिला गुण. पायजमा डेला पायजमा न घालणाऱ्यामुळे वर्गाचे गुण जातात आणि मग बाकीचे त्याला बोल लावतात. जिमच्या चार भिंतींत ढोल, ब्रास आणि हजारभर कंठ एकाच वेळी सुटले की काही मुलांना ते खरोखर सोसत नाही. काही शाळा आता अशा मुलांसाठी वेगळी शांत खोली ठेवतात, पण तिथे जाणारा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतोच. उत्साह मोजायला लागलं की तो उत्साह उरत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला कळतं. तरी गुणफलक लावायचा मोह सुटत नाही.

'नाही आवडत तर येऊ नको' हे उत्तर सोपं आहे आणि खोटं आहे. ते खोटं का, हे अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने २००० साली टेक्सासमधल्या सांता फे डिस्ट्रिक्टच्या खटल्यात सांगितलं. सामन्याआधी लाउडस्पीकरवरून विद्यार्थ्याने प्रार्थना म्हणायची, ती असावी का आणि कुणी म्हणावी हे मुलांनीच मतदानाने ठरवायचं, अशी तिथली योजना. शाळेचा बचाव असा की सामन्याला येणं ऐच्छिक आहे. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नाकारला. बँडवाले, चीअरलीडर, खेळाडू यांना यावंच लागतं, काहींना तर त्याचे गुण मिळतात. आणि बाकीच्यांसाठीही शुक्रवारचा सामना म्हणजे शाळेच्या अनुभवाचा इतका मोठा भाग आहे की त्यावर पाणी सोड किंवा आमची प्रार्थना ऐक, असा पर्याय शाळा मुलासमोर ठेवू शकत नाही. मतदानाबद्दलचं निरीक्षण तर अधिकच नेमकं होतं. बहुमताने ठरवायचं म्हटलं की अल्पसंख्याक मूल कधीच जिंकणार नाही याची सोय आपोआप होते.

बावीस वर्षांनी त्याच न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने, पुन्हा सहा विरुद्ध तीन, निकाल दिला. सामना संपल्यावर मैदानाच्या बरोबर मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करण्याचा त्याचा हक्क मान्य झाला. ती गाजलेली प्रार्थना २०१५ च्या होमकमिंग सामन्यातलीच होती. लोक मैदानात घुसले, धक्काबुक्कीत बँडमधली काही मुलं खाली पडली. खेळायला मिळणार नाही या धास्तीने आपली मुलं प्रार्थनेत सामील झाली, असं काही पालकांनी शाळेला कळवलं होतं. बहुमताने त्या प्रार्थनेला खासगी म्हटलं. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि माझं कारण धर्माशी निगडित नाही. ज्याच्या हातात उद्याच्या संघाची यादी आहे तो माणूस मैदानाच्या मधोमध जे करतो ते सतरा वर्षांच्या खेळाडूसाठी खासगी नसतं. प्रार्थनेच्या जागी शाळेचं गीत असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

क्वीन आणि किंगच्या निवडणुकीला सांता फेचा तर्क लावून पाहा. कोण किती लाडकं आहे हे सरकारी शाळेने मतपेटी ठेवून मोजायचं, मैदानात रांगेत उभं करून जाहीर करायचं, हा उद्योग मुळातच शाळेला शोभत नाही. बऱ्याच शाळांनी आता मुलगा-मुलगी असा भेद काढून 'रॉयल्टी' असा एकच गट केला आहे. चांगलंच केलं. पण लोकप्रियतेची जाहीर मोजणी तशीच राहिली. मी मुख्याध्यापक असतो तर मुकुट निवृत्त होणाऱ्या बसचालकाला दिला असता, किंवा कॅफेटेरियातल्या बाईंना.

पैशांचं फार लांबवत नाही. टेक्सासमधल्या 'मम' नावाच्या प्रकाराचा मात्र उल्लेख हवा. पूर्वी मुलीच्या ड्रेसला खरं शेवंतीचं फूल टाचायचे. आता कृत्रिम फुलं, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, घुंगरं, टेडी बेअर, बॅटरीवरचे दिवे, असा तो पसारा गळ्यात अडकवून मुली दिवसभर वर्गात बसतात. घरी बनवला तर स्वस्तात होतो, विकत घ्यायचा तर दोनशे-तीनशे डॉलर सहज जातात. गळ्यात काहीच नसलेली मुलगी त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये लांबून ओळखू येते.

याहून अवघड प्रश्न, घर म्हणताय ते कुणाचं? गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र करायची वेळ आली, प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी साठ-सत्तरच्या दशकात आली, तेव्हा बंद झाल्या त्या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शाळा. त्यांचे रंग, त्यांची नावं, कपाटातल्या ट्रॉफ्या, त्यांचं होमकमिंग, सगळं गेलं. मुलं गोऱ्यांच्या शाळेत दाखल झाली आणि अनेक ठिकाणी पहिल्याच शुक्रवारी बँडने 'डिक्सी' हे गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेचं गौरवगीत वाजवलं, प्रेक्षकांत गुलामगिरीसाठी लढलेल्या सैन्याचा झेंडा फडकला. कृष्णवर्णीय मुलांनी उभं राहायला नकार दिला की 'यांच्यात स्कूल स्पिरिट नाही' असं म्हटलं जायचं. जॉर्जियातल्या विल्कॉक्स काउंटीत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या प्रॉम पार्ट्या २०१३ पर्यंत वेगवेगळ्या व्हायच्या. पालक त्या खासगीरीत्या भरवत, म्हणजे शाळा हात वर करायला मोकळी. त्या वर्षी मुलींनीच पुढाकार घेऊन सगळ्यांची एकत्र पार्टी केली. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या हायस्कूलला एकत्रीकरणाला विरोध करणाऱ्या टी. सी. विल्यम्स या शिक्षणाधिकाऱ्याचं नाव होतं. ते बदलायला २०२१ उजाडलं. मेन राज्याने २०१९ मध्ये सरकारी शाळांत मूलनिवासींच्या नावाचे, चेहऱ्याचे मॅस्कॉट कायद्याने बंद केले. परंपरा मोडली म्हणून ओरडा झाला. पण पिसांचा टोप घालून उड्या मारणारा मॅस्कॉट बघत ज्यांची मुलं त्याच बाकांवर बसत होती, त्यांना ती परंपरा कशी वाटत होती हे विचारायला शंभर वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग बंदच करा ना. नाही. मोडलेल्या गोष्टी दुरुस्त झाल्या त्याही याच शाळांभोवती. गाव एकत्र येतं म्हणून तर कोण बाहेर राहिलं ते दिसतं. जिथे एकत्र यायची जागाच नाही तिथे ते दिसतही नाही.

इथे आपला विषय निघतो. आपल्या कॉलेजांनी यातलं काय उचललं? डेज. साडी डे, रोज डे, ट्रॅडिशनल डे, मिसमॅच डे. पोशाख आले, गाव आणि माजी विद्यार्थी राहिले तिकडेच. माजी विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं, रिसॉर्टवर होतं, निवृत्त सरांना शाल-श्रीफळ दिलं जातं आणि शाळेला एखादा प्रोजेक्टर. आत्ता त्या शाळेत शिकणारी पोरं त्यात कुठेच नसतात. बऱ्याचदा त्याला कारण आहे, या माजी विद्यार्थ्यांपैकी एकाचंही मूल त्या शाळेत नसतं.

होमकमिंगचा जोर पोशाखांत नाही. एका वस्तीतली बहुतेक मुलं, डॉक्टरची आणि डॉक्टरच्या घरी छप्पर दुरुस्त करणाऱ्याची, एकाच सरकारी शाळेत जातात, आणि त्या शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा गावाच्या घरपट्टीतून येतो, त्यात तो आहे. वस्त्याच श्रीमंत-गरीब अशा विभागलेल्या असल्यामुळे हे चित्र पुष्कळदा फाटकं असतं, तेही खरं. पण आपल्याकडे हाच विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडला होता, परिसरशाळा, म्हणजे परिसरातल्या सर्व मुलांनी परिसरातल्याच शाळेत जायचं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. अहवालाची पारायणं झाली, शिफारस कागदावर राहिली. गंमत अशी की पुण्यात महापालिकेची शाळा ओलांडून मुलाला व्हॅनने दहा किलोमीटर लांब धाडणारं कुटुंब न्यू जर्सीत गेलं की घर घेतानाच आधी तिथली सरकारी शाळा बघतं, तिच्यासाठी चढी घरपट्टी भरतं आणि शुक्रवारी रात्री तिचे रंग अंगावर चढवून बाकांवर बसतं. माणसं तीच.

त्या बाकांवर बसलेल्या मराठी पालकांना मला एक सांगायचं आहे. होमकमिंगची शुक्रवार-शनिवारची रात्र आणि नवरात्रातला गरबा पुष्कळदा एकाच दिवशी येतात, आणि दरवर्षी घरात धुसफूस होते. मुलाने काय निवडावं यावर वाद घालण्यापेक्षा तारीख कोण ठरवतं ते शोधा. सामन्यांचं वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरतं, होमकमिंग त्यातल्या कुठल्या घरच्या सामन्याला जोडायचं हे शाळा ठरवते, आणि हा विषय डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या खुल्या बैठकीत मांडता येतो. आपण सहसा तिथे नसतो. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची निवडणूकही असते, तिथेही नसतो. दिवाळीची सुट्टी मिळवायला ज्यांनी खेटे घातले त्यांना हे पाठ आहे. पुढच्या वर्षीची तारीख ठरेल तेव्हा सोबत आणखी दोन विषय न्या. पेप रॅलीला न जाणाऱ्यांसाठी लायब्ररी उघडी ठेवा, कारण न विचारता. आणि नाचाचं तिकीट ज्यांना झेपत नाही त्यांना ते समुपदेशकाच्या खोलीतून, नाव न लिहिता मिळू द्या. नाचोज विकून बूस्टर क्लब जे पैसे उभे करतो, त्यांत ही तिकिटं नक्की बसतील.